'प्राइझ' म्हणजे बक्षीस नव्हे : समुद्रात धरलेल्या जहाजाला मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ती :

नमस्कार. शिडाच्या जहाजांच्या काळातल्या विल्यम किड या कप्तानावरच्या चाचेगिरीच्या खटल्यावर मी किशोरवयीन मुलांसाठी लेख लिहिते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे. भर समुद्रात पकडलेल्या व्यापारी जहाजाला इंग्रजी कागदपत्रांत 'प्राइझ' म्हणतात. पहिल्या खर्ड्यात मी सरळ लिहून गेले, 'किडने ते जहाज बक्षीस म्हणून घेतले.' आईने वाचलं आणि विचारलं, "कुणी दिलं बक्षीस?"

कोश उघडल्यावर कळलं की आईचा प्रश्न रास्त होता. इनाम या अर्थाचा 'प्राइझ' लॅटिनमधल्या 'किंमत' या अर्थाच्या शब्दातून उतरला आहे. जहाजाचा 'प्राइझ' मात्र फ्रेंच 'प्रीझ'वरून आला, म्हणजे 'घेतलेलं', 'धरलेलं'. स्पेलिंग एक, कुळं दोन.

खटला विल्यम किडचा. इंग्लंडच्या राजाने १६९५-९६ मध्ये त्याला दोन परवाने दिले होते, एक चाचे पकडण्याचा आणि दुसरा फ्रेंचांची जहाजं पकडण्याचा, कारण तेव्हा फ्रान्सशी युद्ध चालू होतं. जानेवारी १६९८ मध्ये कोचीनच्या बाजूला त्याने बंगालहून सुरतेला निघालेलं 'केदाह मर्चंट' हे जहाज धरलं. जहाज आर्मेनियन व्यापाऱ्यांचं, कप्तान इंग्रज, मालात मुघल दरबारातल्या एका सरदाराचा हिस्सा, आणि जवळ परवाना फ्रेंच कंपनीचा! त्या काळी व्यापारी निरनिराळ्या सत्तांचे परवाने बाळगत आणि समोर जसं निशाण दिसेल तसा कागद काढत. किडने मुद्दाम फ्रेंच निशाण चढवलं होतं, म्हणून त्याला फ्रेंच कागद दाखवला गेला. कागद फ्रेंच, म्हणून जहाज फ्रेंच, म्हणून आपण धरलं ते कायदेशीर, असा त्याचा बचाव. पण लंडनमधल्या खटल्याच्या वेळी ते फ्रेंच परवाने सापडलेच नाहीत. २३ मे १७०१ रोजी त्याला फाशी झाली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात ते मिळाले.

आता सांगा, 'लुटलं' लिहिलं तर मी कोर्टाच्या बाजूला गेले, 'जप्त केलं' लिहिलं तर किडच्या. मुलांनी स्वतः विचार करावा म्हणून लेख लिहायचा आणि क्रियापदातच निकाल देऊन टाकायचा, हे मला नको आहे.

प्रतिसाद :

'ताब्यात घेतलं' लिहा आणि मोकळ्या व्हा. वर्तमानपत्रात रोज असतं.

धागाकर्ती :

तोही विचार केला होता. पण 'ताब्यात घेतलं' म्हटलं की पोलीस चौकी डोळ्यांपुढे येते आणि माणूस उद्या सुटेल असं वाटतं. इथे जहाज, माल, माणसं सगळंच दुसऱ्याचं होत होतं. शिवाय 'प्राइझ'मागे एक अख्खी रीत होती. धरलेल्या जहाजावर आपले खलाशी चढवायचे, ते बंदरात न्यायचं, त्यातले कागद न फाडता नौदल न्यायालयापुढे ठेवायचे. न्यायालयाने 'योग्य' ठरवलं तरच ते विकायचं आणि पैसे वाटायचे. ब्रिटिश आरमारात १७०८ च्या कायद्यानंतर आलेल्या रकमेचे ८ भाग होत. त्यातले ३ कप्तानाच्या वाट्याचे, आणि त्यांतला एक वरच्या दर्यासारंगाला द्यायचा. साध्या खलाशांच्या सगळ्या गर्दीला मिळून २. एवढा व्यवहार ज्या एका शब्दात मावतो तो शब्द हवा आहे.

प्रतिसाद :

ताई, मी रत्नागिरीकडचा. घरात तीन पिढ्या गलबतावरच्या, मी स्वतः मात्र शाळामास्तर होतो. मोडी वाचायची हौस निवृत्तीनंतर लागली. तुम्ही शोधताय तो शब्द आपल्याकडे आहे, आपण तो विसरलो आहोत.

'पाडाव'. लढाईत शत्रूचं जे जिवंत, साबूत हाती लागतं ते पाडाव. हत्ती पाडाव होतात, तोफा पाडाव होतात, गुराब (लढाऊ गलबत) पाडाव होते. यात लुटीची हीनता नाही आणि जप्तीचा सरकारी शिक्काही नाही. युद्ध आहे, त्यात ते आपल्या हाती पडलं, एवढंच तो सांगतो. (पडाव हा शब्द वेगळा, ती लहान होडी. काना चुकला तर होडीच पाडाव व्हायची!)

दुसरा शब्द 'दस्त'. आज दस्त म्हटलं की नोंदणी कार्यालय आठवतं, पण 'दस्त करणे' म्हणजे पकडणे, अडकवून ठेवणे. फारसीत दस्त म्हणजे हात. तुमचा फ्रेंच 'प्रीझ' आणि आमचा 'दस्त' दोघंही हातानेच धरतात.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराचं प्रकरण आहे. 'ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र' हे वाक्य सगळे म्हणतात, पण त्याच्या पुढे व्यापारी तरांड्यांविषयी (जहाजांविषयी) जे आहे ते फारसं कुणी वाचत नाही. कौल (परवाना) घेतलेल्या सावकाराच्या तरांड्याला जराही धक्का लागू द्यायचा नाही. शत्रू सोडून दुसऱ्या मुलखातलं तरांडं बिनकौलाचं आलं, तरी त्याला एकाएकी दस्त करायचं नाही. मालाला हात न लावता, धीर देऊन, बंदरात आणायचं. किती बारीक विचार आहे बघा! कौली, बेकौली आणि गनिमाचं अशा तीन जाती, आणि प्रत्येकीशी वागणूक वेगळी. इंग्रजांचं न्यायालय जे धरल्यानंतर विचारत होतं, ते आपला अमात्य धरण्याआधी विचारायला सांगतो. मला याचा फार अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

प्रतिसाद :

काका, 'बेकौली' वाचून आनंद झाला. एक भर घालते.

कौल आणि दस्तक हे आपल्याकडचे समुद्री परवाने. आंग्र्यांचं दस्तक नसलेलं गलबत कोकण किनाऱ्यावरून सुखरूप जाणं कठीण होतं. पण ही परवान्याची सक्ती हिंदी महासागरात रुजवली ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी. त्यांचा कागद तो 'कार्ताझ'. तो घ्यायचा, त्यांच्या बंदरात जाऊन जकात भरायची, त्यांनी मनाई केलेला माल न्यायचा नाही. कार्ताझ नसेल तर जहाज गेलंच.

शब्द म्हणून कार्ताझ मजेदार आहे. तो अरबी 'किर्तास'वरून पोर्तुगीजांकडे गेला, म्हणजे कागद. आणि किर्तास मूळ ग्रीक 'खार्तेस'वरून. त्याच ग्रीक शब्दातून दुसऱ्या वाटेने, लॅटिन आणि इटालियनमधून फिरत, पोर्तुगीज 'कार्तुशो' झाला आणि तो मराठीत 'काडतूस' होऊन राहिला, कारण दारू कागदात गुंडाळलेली असे. जहाज वाचवणारा कागद आणि बंदुकीत भरायचा कागद एकाच घरचे.

आणि कार्ताझ असूनही जहाज गेल्याचं ठळक उदाहरण म्हणजे 'रहीमी'. जहांगीर बादशहाच्या आईचं, मरियम-उझ-झमानीचं, मोठं जहाज. १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी ते सुरतेजवळ धरून गोव्याला नेलं. त्यांनीच दिलेला कार्ताझ जहाजावर होता! चिडलेल्या जहांगीराने दमणवर फौज पाठवली. इथे क्रियापद कोणतं? ज्याने परवाना दिला त्यानेच धरलं, त्याला मी 'विश्वासघाताने बळकावलं' म्हणेन. दस्त नाही, पाडाव तर नाहीच.

प्रतिसाद :

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आंग्र्यांना इंग्रजी पुस्तकं सर्रास 'पायरेट' म्हणतात आणि आपलेही काही अनुवादक डोळे मिटून 'चाचे' करतात. हे थांबायला हवं.

प्रतिसाद (रत्नागिरीकर काका) :

थांबायलाच हवं. कान्होजी हे शाहू महाराजांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते, १७१३ पासून ते नातं पक्कं होतं. त्यांची दस्तकं होती, किल्ले होते, मुंबईकर इंग्रजांशी तह होते. १७१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौका पकडली, त्यात मिळालेल्या इंग्रज बाईला ३०,००० रुपये खंड (सुटकेची रक्कम) घेऊन सोडलं. हे कागदावर आहे, ते नाकारून काही मिळत नाही. पण खंड घेऊन सोडणं ही त्या काळच्या युद्धाचीच रीत होती. खरा वाद होता तो परवान्यांचा. देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजांच्या कागदाखाली जाऊ लागला, आणि कान्होजींचं म्हणणं असं की असा माल इंग्रजांचा होत नाही. किडच्या खटल्यात जो प्रश्न, तोच इथे. जहाज कुणाचं ठरवायचं, कागदावरून की धन्यावरून?

१७२४ मध्ये गव्हर्नर फिप्सशी झालेल्या पत्रव्यवहारात कान्होजींनी कळवलं की दुसऱ्याचं आपलं व्हावं ही इच्छा व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, जगाची रीतच ती आहे.

आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गाला काय झालं? इंग्रज आरमाराचा वॉटसन आणि फौजेचा क्लाईव्ह मुंबईहून निघण्याआधीच वाटणी ठरवून निघाले होते. कुणाला किती हिस्सा याचे करार झाले, आणि सोबत लढायला आलेल्या पेशव्यांच्या फौजेला त्यातलं काही द्यायचं नाही असंही ठरलं. 'रिस्टोरेशन' नावाचं कंपनीचं जहाज, जे आंग्र्यांनी पूर्वी पाडाव केलेलं होतं, त्यावर तोफगोळा पडून आग लागली आणि त्या आगीत आंग्र्यांचं आरमार जळालं. किल्ल्यात सुमारे १० लाख रुपये सापडले. त्या रकमेला त्यांच्या भाषेत 'प्राइझ मनी' म्हणतात. त्यांनी घेतलं ते प्राइझ आणि तुळाजीने घेतलं ती पायरसी, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी शिकवलं नाही.

प्रतिसाद :

काका, तुमचं म्हणणं पटतं, तरी ज्याचा माल गेला त्याच्या ओसरीवर बसूनही बघायला हवं. सुरतेच्या व्यापाऱ्याला कागद कुणाचा याने काय फरक पडत होता? सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने आधी सुरतेच्या अब्दुल गफूरचं 'फतेह मुहम्मद' घेतलं आणि मग औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई'. दुसऱ्यावर हजहून परतणारे यात्रेकरू होते, बायका होत्या, आणि त्यांचे अतोनात हाल केले गेले. एव्हरीकडे कुठल्याही राजाची सनद नव्हती. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना मुघल अधिकाऱ्यांनी कोंडलं ते यामुळेच. इथे मात्र 'लुटलं' लिहा. सौम्य शब्द शोधूच नका.

जाता जाता, गुराबीला इंग्रज 'ग्रॅब' म्हणत. ती जहाजं हिसकावून घ्यायची म्हणून हे नाव पडलं, असं काही ठिकाणी ठोकून दिलेलं असतं. ते चूक आहे. अरबी 'गुराब' म्हणजे कावळा, त्याचा उच्चार बिघडून ग्रॅब झालं.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी एक अडचण. राजाचा परवाना घेऊन स्वतःच्या खर्चाने शत्रूची व्यापारी जहाजं धरणारा, तो 'प्रायव्हेटीअर'. मी 'सनदी चाचा' लिहिलं आहे. चालेल?

प्रतिसाद (रत्नागिरीकर काका) :

नको. सनद असली की तो चाचा उरत नाही, आणि चाचा असेल तर सनद कुठली? शिवाय 'सनदी' म्हटलं की मुलांना जिल्हाधिकारी आठवतील. 'परवान्याचं लढाऊ गलबत' म्हणा.

धागाकर्ती :

जिल्हाधिकाऱ्यांचा मुद्दा खरा आहे, पण मी 'सनदी चाचा'च ठेवते आहे. हे दोन शब्द एकमेकांशेजारी नांदत नाहीत, आणि तेच मला दाखवायचं आहे. १८५६ मध्ये पॅरिसच्या जाहीरनाम्याने युरोपातल्या सत्तांनी ही पद्धत बंद केली, तोवर किती जणांची उमर या दोन शब्दांच्या फटीत गेली!

किडचं वाक्य आता असं केलं आहे : 'किडने केदाह मर्चंट धरले. आपण ते पाडाव केले, असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. ते लुटले, असे न्यायालयाने ठरवले.' 'धरले' मी मुद्दाम घेतलं, कारण मासा धरतात, हात धरतात, चोरही धरतात. त्यात अजून निकाल लागलेला नाही.

शेवटची शंका. किडवर दुसरा आरोप खुनाचा होता. तोफेवरच्या विल्यम मूरला त्याने लोखंडी कड्यांची बादली डोक्यात घालून मारलं, आणि तो गुन्हाही शाबीत झाला. मूरला 'गोलंदाज' लिहिलं आहे. शब्द अस्सल आहे, पण आजची मुलं क्रिकेटच समजतील ना?

प्रतिसाद (रत्नागिरीकर काका) :

समजतील. 'तोफची' लिहा.