निराधारचा 'पगार': चूक की बरोबर?

तेरणाकाठ
मी परदेशात आंतरराष्ट्रीय समाजकल्याण या विषयात एम.ए. करतेय. इंग्रजी प्रबंधासाठी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, निराधारांना दरमहा सरकारी पैसे देणाऱ्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतल्या बायकांशी बोलले. एक आजी म्हणाल्या, "पगार सुरू झालाय बाई, पर दोन महिन्यापासून पडला नाही. मशीनवर अंगठाच उठंना." प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक त्या पदराखाली धरून बसल्या होत्या. मी 'पगार'साठी सरळ 'वेजेस' लिहिलं. गाइडनी समासात विचारलं, या बाई नोकरी कुठे करतात? 'पेन्शन' लिहावं तर आजींचा शब्द जातो, 'बेनिफिट' म्हटलं की उपकाराचा वास येतो. काय लिहू?

अनुस्वार
पगार म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला. इथे तो चुकीचाच आहे. योजनेच्या नावात 'अनुदान' आहे, तेच घ्या. बोलणाऱ्याची चूक भाषांतरात कशाला न्यायची?

मोंढा
चूक कशी? लातूर, बीड, परभणी, कुठंही विचारा, निराधारचा पगारच म्हणतात. आमच्या गावात पेन्शन दोघांनाच: रिटायर गुरुजींना आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या स्वातंत्र्यसैनिकांना. विधवा बाईला पगार. अन् साहेब, अनुदानात 'दान' आहे. माझ्या चुलतीनं जन्मात कुणापुढं हात पसरला नाही. तिला दान घेतेस म्हणून कोण सांगणार?

अनुस्वार
भावना समजते, पण भाषेला नियम असतात. उद्या घरभाड्यालाही पगार म्हणाल. शब्द मूळ पोर्तुगीज, 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. मोबदल्याचा अर्थ त्यातूनच आला.

मोंढा
चुकते करणे! म्हणजे देणं फेडणं. मग चुलती बरोबरच बोलत होती की. सरकार तिचं देणं फेडत होतं.

बालाघाट
एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या, मुलांना शिकवतो, म्हणून लिहितो. हा नुसता शब्दाचा वाद नाही. विलेन्स्की आणि लेबो या अभ्यासकांनी 1958 मध्ये कल्याणाच्या दोन कल्पना मांडल्या. एक, घर आणि बाजार दोन्ही कोलमडले तरच तात्पुरता हात देणारी. दुसरी, कल्याण हे समाजाचं रोजचंच काम मानणारी. 21 हजारांच्या आतल्या वार्षिक उत्पन्नाचा दाखला मागणारी निराधार योजना सरळ पहिल्यात बसते. आजी मात्र 'पगार' म्हणून दुसरीतलं बोलतात. तेरणाकाठताई, तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण या एका शब्दात आहे. तो पुसू नका.

खडीकाम
माझं वय 66. 1972 च्या दुष्काळात आई सरकारी कामावर खडी फोडायला जायची, मी डबा घेऊन. मस्टरवर नाव, हप्त्याला पैसे, त्यालाही पगारच म्हणायचो. निराधार योजना आली 1980 मध्ये. मला वाटतं शब्द खडीवरून तिकडं सरकला. हात चालत होते तेव्हाही सरकारचा पगार, हात थकल्यावरही सरकारचाच.

मोंढा
काका, पटलं. अन् अशी कामं देणाऱ्या रोजगार हमी योजनेला पैसा कुठून आला? 1975 च्या कायद्यानं शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला, त्यातून. त्यांच्या पगारातून आमचा पगार. कुणीच फुकट नाही घेतलं.

अनुस्वार
ही व्युत्पत्ती नव्हे, राजकारण झालं. 'लोककल्याण'सारखा शब्द राज्यघटनेच्या मराठी पाठात आहे. तो सोडून बोलीतला कशाला?

बालाघाट
सर, कल्याण खात्याच्या पाटीवर असतं. पासबुकात कल्याण पडलं, असं कुणी म्हणतं का?

तेरणाकाठ
सध्या मूळ वाक्यात 'पगार' तसाच ठेवलाय आणि खाली टीप दिलीय. गाइड म्हणतात, टीप फार लांबली. 'अंगठा उठंना'लाही अजून इंग्रजी सुचलेलं नाही.

खडीकाम
त्या कामावर सुकडी मिळायची. आई पदरात बांधून आणायची, आम्ही पाण्यात कालवून खायचो. हा शब्द सुकण्यावरून आला असेल का?

अनुस्वार
सुकवलेल्या मासळीला कोकणात सुकट म्हणतात, त्यामुळे शक्य आहे. पण तुमची सुकडी पीठ होती ना?

खडीकाम
पीठच. पिवळसर, गोड. गूळ होता की साखर, ते आईला विचारायचं राहून गेलं.