मोले, दूधसागर, खोतीगाव, नेत्रावळी: गोव्याच्या रानातल्या आठवणी सांगा (अनुभव धागा)

म्हापशेकरीण
काल लेकीच्या शाळेतून सामानाची यादी आली. मोलेला दोन दिवसांचं निसर्ग शिबिर आहे. टॉर्च, पूर्ण बाह्यांचे कपडे, जाड मोज्यांचे दोन जोड, रेनकोट, आणि सगळ्यात शेवटी ‘एक मूठ मीठ’. लेक विचारते, आई, मीठ कशाला? मी पोळी लाटत होते, हात तसाच थांबला.

१९९४ साली मी नववीत असताना आमचंही शिबिर मोलेलाच होतं. जुलै महिना. दिवसभर पाऊस, जळवा, ओले बूट, मुलींची रडारड. रात्री जेवणं झाल्यावर वनखात्याचा गार्ड आम्हाला थोडं आत घेऊन गेला. एका जागी थांबून म्हणाला, "टॉर्च बंद करा. सगळ्यांनी. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही." काळोख असा की स्वतःचा हात दिसेना. माझ्या मैत्रिणीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की सकाळी वळ दिसत होते.

आधी काहीच दिसलं नाही. मग पायाशी पडलेली एक फांदी हळूहळू ‘उमटायला’ लागली. हिरवट, फिकट. बाबांच्या जुन्या घड्याळात रेडियमचे काटे असायचे ना, अगदी तसा उजेड. मग त्या पलीकडची फांदी, मग खोडाचा बुंधा, मग पाचोळ्यात विखुरलेले ठिपके. कुजलेल्या ओल्या लाकडावर वाढणारी बुरशी आणि बारीक अळंबी होती ती. मी एक काटकी गुपचूप रुमालात गुंडाळून घेतली. खोलीतल्या बल्बखाली बघितलं तर साधं कुजकं लाकूड! दिवा गेल्यावर उशाशी परत उजळलं. सकाळपर्यंत सुकून विझलं होतं. गार्डला कळलं तेव्हा तो रागावला नाही, फक्त म्हणाला, "बाय, जिथून उचललंस तिथेच नेऊन ठेव." आणि खरंच मला घेऊन तिथवर चालत आला.

लेकीला हे सगळं सांगताना माझाच आवाज बदलला. तुम्ही आपल्या गोव्यातल्या रानात कधी ना कधी गेलाच असाल. मोले, दूधसागर, तांबडी सुर्ला, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई, कुठलंही चालेल. लिहा ना.

जांभा
मीठ कोरड्या फडक्यात बांधून द्या. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी सुटतं. बाकी रात्री लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

रानजाई
जळू ओढून काढायची नाही एवढं तिला नक्की सांगा. मीठ लावलं की आपोआप सुटते. सुटल्यावरही रक्त वाहत राहतं, त्याला घाबरू नये. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे रक्त लवकर गोठत नाही. माझा मोजा लाल झालेला बघून आमच्या बाईंनाच चक्कर आली होती, आम्ही चौघींनी मिळून त्यांना बाकावर निजवलं.

कुळेकर
माझे वडील रेल्वेत होते, बालपण कुळ्याच्या क्वार्टर्समध्ये गेलं. आमच्यासाठी ते ‘नॅशनल पार्क’ वगैरे नव्हतं, घरामागचं रान होतं. कॅसलरॉक ते कुळे २६ किलोमीटर, घाटाचा चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर चढणार. त्यासाठी मालगाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. रात्री ती गाडी चढायला लागली की आमच्या घरातली भांडी मांडणीवर बारीक वाजायची. आम्ही त्या आवाजावर झोपायचो. नंतर पणजीला राहायला गेलो तेव्हा कितीतरी दिवस मला झोप लागत नव्हती.

पावसाळ्यात दरड कोसळेल म्हणून माणसं रात्रभर रुळांवर गस्त घालायची, हातात कंदील. बाबा पहाटे यायचे. आई मागच्या दारी मिठाचा वाडगा आणि गरम पाणी घेऊन बसलेली असायची. बाबा पाटावर बसून पाय पुढे करायचे, आई एकेक जळू काढायची. दोघं बोलायची नाहीत. ताई, तुमच्या यादीतलं मीठ वाचलं आणि मला तो वाडगाच दिसला. ॲल्युमिनियमचा, एका बाजूला चेपलेला.

म्हापशेकरीण
@कुळेकर दादा, काय लिहिलंत. आई आहे का हो?

कुळेकर
आहे. ८१ वर्षांची. तिला धागा वाचून दाखवला आत्ता. म्हणाली, वाडगा चेपलेला नव्हता, तूच पाडलास.

फोंड्याची_सून
मला एक विचारायचं आहे. ती चमकणारी अळंबी खातात का?

रानजाई
नाही गं बाई! रानातलं ओळख पटल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. खायची ती रोंयणीवर येणारी, वारुळावरची. आणि अभयारण्यातून तीही उचलायची नाहीत, मनाई आहे. वारूळ खणून काढलं की पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही.

फोंड्याची_सून
हो, ती माहीत आहेत. बाजारात श्रावणात भाव विचारून परत येते. माझी सासू शागुती करते त्यांची, खोबरं भाजून. आता मटण नाही केलं तरी चालेल असं होतं.

जांभा
शागुतीची रेसिपी द्या. वेगळा धागा काढा हवं तर.

पाखरू
तांबडी सुर्लाला गेली कित्येक वर्षं पक्षी बघायला जाते. लोक देवळात हात जोडून परत फिरतात. हात जोडाच, कदंब राजांच्या काळातलं काळ्या बेसॉल्टचं देऊळ आहे, आतल्या छतावरचं कोरलेलं कमळ मान दुखेपर्यंत बघावं असं. पण नंतर नदीच्या काठाने जरा शांत चाला.

मी तिथे श्रीलंकन बेडूकमुखी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो माझ्यापासून चार हातांवर होता आणि मला दिसत नव्हता. बांबूच्या बेटात दोन सुकी पानं एकमेकांना चिकटून बसलेली, एवढंच. सोबतचा वाटाड्या बोटही दाखवेना, म्हणाला डोळ्यांनीच शोधा. मग एका ‘पानाने’ डोळा किलकिला केला. नर-मादी अंगाला अंग लावून दिवसभर तशी बसून असतात. चोच एवढी रुंद की बेडकाचं तोंड वाटावं. मी श्वास सोडायला विसरले होते.

बाकी कर्णा (ट्रोगॉन पक्षी), धनेश, शेकरू. आपला राज्यपक्षी, लालबुंद गळ्याचा तो बुलबुल, तोही तिथे सहज दिसतो. मुलीला दुर्बीण द्या शक्य असेल तर. साधी चालेल.

काणकोणकर
खोतीगावबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. ८६ चौरस किलोमीटरच आहे पण आमचं आहे. मुलगा सात वर्षांचा असताना पहाटे मचाणावर घेऊन गेलो. तीन तास काही आलं नाही. तो कंटाळला, बिस्किटं संपली, म्हणाला बाबा घरी. उतरून गाडीकडे निघालो तर वळणावर गवा. एकटा. आडवा. पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, खांद्याचा उंचवटा माझ्या डोक्याच्या वर. त्याने फुसकन श्वास सोडला तो मला ऐकू आला, इतका जवळ. मी मुलाला मागे घेतलं आणि आम्ही पाय न उचलता मागे मागे सरकलो. तो झाडीत शिरला तेव्हा फांद्या मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. एवढं मोठं जनावर गेलं कुठे तेच कळेना. मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे, अजून तोच किस्सा सांगतो, त्यात गवा दरवर्षी एक फूट वाढतो.

जीपवाला
मी कुळ्यातून दूधसागरची जीप चालवतो. मराठी लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. सीझन ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर सुरू. वाटेत नदी ओलांडावी लागते, पाणी किती आहे ते बघून वाट खुली करतात. लोक फोन करतात, ऑगस्टात का नाही नेत? अहो, धबधबा तेव्हा सगळ्यात मोठा असतो म्हणूनच नाही नेत. ३१० मीटर वरून पडतो. घाटावर पाऊस झाला की इथे ऊन असलं तरी पाणी चढतं. लाइफ जॅकेट अंगात घाला म्हटलं की काही जणांना राग येतो. घाला हो. आणि चिप्सची पाकिटं माकडांना दाखवू नका.

शब्दा
जीपवाले दादा बरोबर बोलतात. मी हे कुठे लिहिलं नव्हतं. माझा मावसभाऊ असाच एका धबधब्यात गेला. २२ वर्षांचा. पोहायला उत्तम यायचं, विहिरीत शिकलेला. वर ढग होते, खाली गुडघाभर पाणी होतं. सोबतचे मित्र सांगतात, आधी पाण्याचा रंग बदलला, चहासारखा झाला, पाचोळा यायला लागला, आणि तेवढ्यात कमरेपर्यंत आलं. मावशी अजून नळ मोठा सोडत नाही. मुलांना सांगा, पाणी गढूळ झालं, काड्याकुटक्या यायला लागल्या की त्याच क्षणी बाहेर. सामान राहू दे तिथेच.

म्हापशेकरीण
शब्दा, लिहिलंस ते बरं केलंस. आज रात्री लेकीला बसवून सांगते, शब्दशः.

कुळेकर
शब्दा 🙏 पाण्याचा रंग बदलणं हे आमचे बाबाही सांगायचे.
रुळांवरून चालत जाऊ नका हेही याच निमित्ताने लिहितो. आम्ही लहानपणी गेलो ते वेगळं, आम्हाला गाड्यांच्या वेळा पाठ होत्या. बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते. २०२३ च्या जुलैत रुळांवर उतरलेल्यांना उठाबशा काढायला लावल्या तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. बघायचंच असेल तर गाडीतून बघा. पावसात तुषार खिडकीतून आत येतात, सगळा डबा एकदम गप्प होतो आणि मग एकदम ओरडतो.

वाळपईची_माई
मी आरोग्य केंद्रात काम करते म्हणून थोडं वेगळं. आमच्या सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण असतात. तो गोचिडीच्या चावण्याने होतो. जोर साधारण जानेवारी ते मे, नेमका काजूचा हंगाम, म्हणजे बागायतीत राबणारी माणसंच सापडतात. शिबिर पावसात आहे तर फार काळजी नको, पण सवय लावा: रानातून आल्यावर कपडे बदलायचे, गरम पाण्याने आंघोळ, कानामागे आणि काखेत बघायचं. मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, वनखात्याला कळवायचं.

दिवचली
वाळपईची माई, तुम्ही सत्तरीतल्या म्हणून विचारते. वाघाचं काय वाटतं हो तुमच्याकडे? २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात चार वाघ विषाने मेलेले सापडले तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. २०२३ मध्ये हायकोर्टाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हटलं तेव्हा आनंद झाला.

वाळपईची_माई
वाईट आम्हालाही वाटलं बाय. पण ज्याच्या गोठ्यातली दुभती म्हैस जाते त्याच्या घरी मी जाते, औषधं घेऊन. त्याला भरपाई वेळेवर मिळाली असती तर विष कुणाच्या डोक्यात आलंच नसतं, असं मला वाटतं. वाघ हवा. माणूसही हवा. गावातल्या माणसाला बसवून आधी विचारा, एवढंच मागणं.

दिवचली
मान्य. हा विचार मी केला नव्हता.

पाखरू
मोले वाचावं म्हणून २०२० मध्ये आम्ही काही जण रस्त्यावर मेणबत्त्या घेऊन उभे होतो. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली त्या दिवशी मी ऑफिसात रडले. कुळेकर दादा, तुम्ही रेल्वेतले, रागावू नका.

कुळेकर
रागावतो कशाला. बाबांनी त्या रानात ३४ वर्षं काढली, एक झाड तोडलं नाही. गाडी पोटाला हवी होती, रानही हवं होतं.

फोंड्याची_सून
सासूबाईंना विचारलं, शागुतीत बडीशेप घालत नाहीत. खसखस मात्र हवीच.

जांभा
दुकान बंद केलं. माझा अनुभव नेत्रावळीचा, छोटासाच. गोपीनाथाच्या देवळापाशी बुडबुड्यांची तळी आहे. तळातून बुडबुडे येत राहतात. वडील वारल्यावर वर्षाच्या आत मी एकटाच तिथे गेलो होतो. पायऱ्यांवर बसून टाळी वाजवली, लहानपणी त्यांनी शिकवलं होतं तशी. बुडबुडे आले. माझ्या टाळीने आले की तसेच यायचे होते, मला त्याच्याशी काही घेणं नाही. सावरी धबधब्याला जायचं ठरवलं होतं, गेलोच नाही. अंधार पडेपर्यंत तिथेच बसलो.

अनाहूत_पाहुणा
फोंड्याहून कुळ्याला सकाळी बस कितीची आहे? सरकारी कदंब की प्रायव्हेट?

जीपवाला
दोन्ही आहेत. वेळ स्टँडवर विचारूनच निघा, सुट्टीच्या दिवशी बदलते. दूधसागरला येणार तर लवकर या, गर्दी वाढते.

म्हापशेकरीण
लेक काल संध्याकाळी आली. आल्या आल्या बूट काढून गॅलरीत उलटे ठेवले, मी न सांगता. आंघोळ, कपडे, कानामागे बघणं, सगळं माईंनी सांगितलं तसं केलं. तीन जळवा. मुलींमधला रेकॉर्ड अकराचा आहे म्हणे.

उजेड बघायला रात्री नेलं होतं. टॉर्च बंद केल्या पण पाऊस इतका होता की कुणी धड उभंच राहू शकलं नाही, लगेच परत आणलं. मला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, "पण आई, पाऊस थांबल्यावर बेडूक सुरू झाले ना, ते कुणी सांगितलंच नव्हतंस." आणि मग स्वयंपाकघरात उभी राहून तिने मला चार वेगळे आवाज काढून दाखवले. एक टकटक, एक शिट्टी, एक दारात करकरणाऱ्या बिजागरीसारखा, आणि चौथा तिला नीट जमेना म्हणून रात्री अंथरुणात पडल्यावरही काढत होती.

मीठ उरलं ते परत आणलंय. दगड झालंय त्याचं.

जांभा
कोरड्या फडक्यात बांधा म्हटलं होतं मी.