आधी हवा कुठनं घुसतीय ते बघ
भावा, प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) धुतली तरी सिग्नलला आयडल (उभ्या गाडीत इंजिनचा वेग) खालीवर नाचतंय म्हणालास, तर आता सेन्सर घ्यायला पळू नको. पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीत इंजिनचे रबरी पाईप कडक होऊन चिरतात, तिथनं जादा हवा आत घुसती आणि चीर नेमकी खालच्या बाजूला असते, वरनं बघून काय कळत नाही.

स्कॅनर (गाडीला जोडून आकडे बघायचं यंत्र) असंल तर फ्युएल ट्रिम बघ, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलला +२० टक्के आणि २५०० आरपीएमला +५ वर उतरला तर हवा गळतीच, उलट वेग वाढवल्यावर ट्रिम वाढत गेला तर पंप नाहीतर फिल्टर बघायचा. पण गाडीत मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा, दाब मोजणारा) असंल तर हे गणित फसतं, कारण जादा हवा घुसली की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीयू त्या हिशोबानं पेट्रोलपण वाढवतो आणि आयडल चढून बसतं. माझं तसंच झालेलं, उद्यमनगरात दोन गॅरेज फिरलो, दोघांनी आयडल व्हॉल्व्ह बदलायला सांगितला (एकानं तर बॉनेटपण उघडलं नव्हतं). शेवटी घरीच ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा) पाईप पकडीनं हळू दाबला आणि आयडल लगेच जाग्यावर! पाईप क्लिपजवळ फाटलेला.

पीसीव्हीचा पाईप (इंजिनातली वाफ परत आत ओढणारा) आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगापण (रबरी गोल कड्या) तपास. कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर धुवायचा स्प्रे) मारून बघतात लोकं, पण गरम सायलेन्सरवर उडाला तर भडका उडंल, त्यापेक्षा साबणाचं पाणी बारीक फवार, इंजिनचा आवाज बदलला की जागा घावली.