बोवीचं मौन: कला की कावा?

टेपडेक:
परवा इथेच एकाने ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीबद्दल लिहिलं, "बोवीचं २०१३चं पुनरागमन म्हणजे शुद्ध मार्केटिंग. दहा वर्षं दडून बसायचं आणि वाढदिवशी बार उडवायचा." डोकं सटकलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, २००४च्या जूनमध्ये जर्मनीच्या दौऱ्यात त्याची हृदयाची धमनी तुंबली. उरलेला दौरा रद्द. पुढे दोनेक वर्षं तुरळक कुणाच्या तरी कार्यक्रमात येऊन गायला, मग तेही बंद. लोकांनी त्याला निवृत्त धरून टाकलं होतं. आणि ८ जानेवारी २०१३ला, सहासष्टाव्या वाढदिवशी, 'व्हेअर आर वी नाऊ?' हे नवं गाणं आयट्यून्सवर, म्हणजे गाणी विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, हजर. मार्चमध्ये 'द नेक्स्ट डे' हा आख्खा अल्बम. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत गुपचूप काम चाललेलं, गुप्ततेच्या करारावर सगळ्यांच्या सह्या, निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीच्या तोंडाला कुलूप. आपल्याकडे टीझर येणार याचाही टीझर येतो!

ढब्बू_पैसा:
तो 'एकाने' म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजू नका. करार म्हणजे वकील आला आणि वकील आला म्हणजे हिशेब आला. मुलाखत न देणं हीच सगळ्यात मोठी जाहिरात. १९९३नंतर प्रथमच ब्रिटनमध्ये पहिला नंबर. त्यात त्याच मार्चमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बोवीवर भलंथोरलं प्रदर्शन. योगायोग म्हणे!

शाईवाला:
मौन राहू द्या. 'द नेक्स्ट डे'च्या कव्हरबद्दल कुणी बोलणार आहे का? त्याच्याच १९७७च्या 'हीरोज' अल्बमचं जुनं कव्हर उचललं, मधोमध पांढरा चौकोन, त्यात नाव टाईप. झालं डिझाईन! अठरा वर्षं डीटीपी करतोय. गेल्या आठवड्यात लग्नपत्रिकेत चार बोटं जागा मोकळी सोडली, तर गिऱ्हाईक म्हणालं, "एवढी जागा फुकट घालवली?" आता तिथे गणपती, दोन मोर आणि आजोबांचा फोटो आहे.

निमकी:
शाईवाले, मूळ कव्हर नीट पाहिलंय का? जपानी फोटोग्राफर सुकिताने काढलेल्या त्या फोटोचा चेहराच झाकलाय, केस आणि जाकीट तेवढं दिसतं. 'हीरोज' या नावावर काट मारलीय. स्वतःच्या सगळ्यात गाजलेल्या चेहऱ्यावर पांढरा कागद डकवायला छाती लागते.

शाईवाला:
ताई, ती छाती गिऱ्हाइकाला लागते. हे कव्हर करणाऱ्या बार्नब्रुकला बोवी भेटला, मला मोरवाले भेटतात. त्याने चौकोन टाकला की कला, मी टाकला की "फाईल करप्ट झाली का हो?"

टेपडेक:
धागा कव्हरवर नाहीये!!

ढब्बू_पैसा:
आता आहे. आणि शाईवाल्यांनी माझाच मुद्दा मांडला: आधी नाव, मग माल.

निमकी:
मग नाव आकाशातून पडलं का? आणि शाईवाले, एक मोकळी पत्रिका स्वतःच्या घरच्या कार्याला छापा की.

शाईवाला:
छापली होती, मुंजीची. बायकोच्या मावशीने मोकळ्या जागेत वाणसामानाची यादी लिहिली.

काळी_दोन:
हसून झालं असेल तर बोलतो. वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. २००९ला अँजिओप्लास्टी झाली. नंतर तीन वर्षं पेटीवरचं फडकं निघालं नाही. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "मग, परत कधी?" ते उठून आत जायचे. एक दिवस लवकर घरी आलो तर आतून भात्याचा आवाज. सूर नाही, नुसता भाता. चपला हातात धरून दारातच उभा राहिलो. चाहूल लागली तशी थांबले. पुढे दोन महिने घरात सगळे काही ऐकलंच नाही असं वागत होतो. मग एका गुरुवारी आपणहून मंडळात गेले. बोवीने आधी का सांगितलं नाही, हे मला कुणी समजावू नका.

ढब्बू_पैसा:
वडिलांबद्दल आदर आहे, पण त्यांनी पेटी आयट्यून्सवर विकली नव्हती.

काळी_दोन:
हे फार हलकं बोललात.

टेपडेक:
ढब्बू, लाज वाटू द्या जरा.

ढब्बू_पैसा:
बरं, ते वाक्य मागे घेतो. २०१६ला वाढदिवशीच 'ब्लॅकस्टार' हा अल्बम आला आणि दोन दिवसांत माणूस गेला. कर्करोगाचं जगाला सांगितलंही नव्हतं. त्याला मी चाल म्हणणार नाही. घ्या अर्धा मार्क, फ्रेम करून लावा. पण 'द नेक्स्ट डे'च्या चौदा गाण्यांतली चार तरी कापायला हवी होती.

टेपडेक:
कुठली चार? नावं सांगा, आत्ता.

शाईवाला:
पत्रिकेवाल्याचा फोन होता. आणखी एक मोर हवाय.