मदत हवी आहे : पुण्यात परवडणारे मानसोपचार आणि कमी डिपॉझिटची खोली

मंडळी, मित्रासाठी लिहितोय, त्याला विचारूनच. तो गे आहे, मूळचा सोलापूरकडचा. दिवाळीत घरी कळलं आणि वडिलांनी बोलणं टाकलं. त्यात कंपनीने कंत्राट वाढवलं नाही. भाडं थकलंय. पण खरी काळजी वेगळीच आहे: डिप्रेशनच्या गोळ्या पुरवायच्या म्हणून तो त्या अर्ध्या मोडून घेतोय. पाकिटात जपून ठेवलेले ते तुकडे पाहिले आणि धस्स झालं.

एरवी नोकरी गेली की माणूस चार महिने गावी जाऊन राहतो. याला तीच वाट बंद आहे. गरिमा गृह हे सरकारी योजनेतलं निवारागृह ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी असतं, त्यामुळे तिथेही सोय नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर तो मराठीत बोलला, मोफत आहे, बरं वाटलं म्हणाला. आता नियमित समोर बसून बोलणारं कुणीतरी हवंय.

ससूनच्या मानसोपचार ओपीडीचा कुणाला अनुभव आहे का? तिथे हे मोकळेपणाने सांगता येतं का? फी कमी करणारे समुपदेशक माहीत असतील तर सुचवा. ‘लग्न करा, सगळं ठीक होईल’ म्हणणारे कृपया नकोत. समलैंगिकता आजार नाही, हे इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने 2018 मध्येच स्पष्ट केलंय.

कॉट बेसिसवर जागा असेल तरी चालेल. बी.कॉम. आहे, टॅली आणि जीएसटीचं काम चोख करतो. वर्गणी नको म्हणतोय, काम हवंय.

मेसेजच करा. त्याच्या गावचे लोकही या ग्रुपवर आहेत, म्हणून कमेंटमध्ये नाव विचारू नका.