पुठ्ठ्याची बीटल आणि आपला पाऊस

पुठ्ठ्याची छोटी मॉडेल गाडी टणक करायला पुठ्ठ्यात सुपरग्लू मुरवला की काम भागतं, असं काहीजण म्हणतात. कोरड्या हवेत ते ठीक. इथे म्हापशात माझ्या फोक्सवॅगन बीटलच्या मॉडेलचा डावा मडगार्ड जुलैत सर्दावलेल्या पापडासारखा झाला, तोही रंग देऊन झाल्यावर! आता शिवणीच्या लाकडाच्या ठोकळ्यावर आकार कोरतो आणि तापवलेला पातळ प्लास्टिकचा पत्रा त्यावर ओढतो. दोन बिघडतात, तिसरा जमतो.

आता मापांचं. मूळ गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर २४०० मिमी, म्हणजे १:२४ ला (मूळ गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढ्या मॉडेलला) बरोबर १०० मिमी. अगदी बाजूने काढलेला फोटो त्यात हे अंतर १०० मिमी येईल एवढा करून छापला की बाकीचं पट्टीने मोजता येतं. आणि मागची काच दुभागलेली करणार असाल तर गाडी मार्च १९५३ च्या आधीची धरा. नंतर ती अखंड लंबगोल झाली.