ध्यानाच्या वर्गात मोबाइलवर सूर धरायचा तर ॲप कोणतं? आणि मुळात धरावा का?

मंद्रषड्ज (फोंडा)

फोंड्याजवळच्या एका देवळाच्या अग्रशाळेत (भक्तांच्या उतरण्याच्या जागेत) बुधवारी आणि शनिवारी सकाळी साडेसहाला ध्यानाचा वर्ग भरतो. पंचवीस-तीस माणसं, बहुतेक पन्नाशी ओलांडलेली. शिकवणारे सर वेगळे आहेत, मी कोपऱ्यात बसून सूर धरतो. चार वर्षं झाली. आमच्याच वर्गातल्या एका मुलानं परवा विचारलं, "मलाही वाजवायचंय, कुठलं ॲप घेऊ?" त्याला उभ्या-उभ्या उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझं मत असं, की जे ॲप डोळे मिटून वाजवता येत नाही, ते ध्यानाच्या वर्गासाठी घेऊच नये. आवाज कितीही सुंदर असो.

मी सुरुवात केली ती आयपॅडवर, एयूएम घेऊन. हे ॲप म्हणजे मिक्सर. एकेका पट्टीत एकेक सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारं वाद्य, बसवायचा, मागे रिव्हर्ब म्हणजे घुमारा, त्याच्यामागे डिले म्हणजे प्रतिध्वनी. घरी हेडफोन लावून वाजवलं की तासन् तास उठावंसं वाटत नसे. एका शनिवारी वर्गात रिव्हर्ब वाढत गेला आणि आवाज फुगायला लागला. मी मान खाली घालून ती बारीकशी सरकपट्टी शोधत होतो. सापडली, आवाज खाली आणला, मान वर केली तर सर दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंच्या शेजारी जाऊन बसलेले. त्या रडत होत्या. केव्हापासून, ते मला माहीत नव्हतं. मी माणसांसाठी वाजवत होतो आणि माणसांकडेच माझं लक्ष नव्हतं. ते अजून मनातून गेलेलं नाही.

त्यानंतर मी दोन कसोट्या ठरवल्या. पहिली, बोट कुठेही पडलं तरी सूर चुकू नये. गॅरेजबँडमध्ये कीबोर्डला स्केल ठरवून देता येतं. मेजर पेंटॅटोनिक निवडलं की पांढऱ्या-काळ्या पट्ट्या जाऊन रुंद पट्टे येतात, आणि त्यात असतात भूप रागाचेच पाच सूर. ॲप मोफत आहे, पण फक्त ॲपलच्याच उपकरणांवर चालतं. दुसरी कसोटी, मी हात काढला की आवाज आपोआप विरला पाहिजे. ब्रायन ईनो आणि पीटर चिल्व्हर्स यांचं ब्लूम २००८ साली आलं, तेव्हापासून खूप जण ते ध्यानासाठी सुचवतात. स्पर्श केला की सूर उमटतो, फिरून फिरून येतो, हळूहळू विरतो. ऐकायला फार गोड. पण बराच वेळ हात लावला नाही तर ते स्वतःच वाजू लागतं. वर्गातली शांतता मला माझ्या हातात हवी, म्हणून मी ते सोडलं.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी असतील तर आधी लिहा.

वायरवाला (मडगाव)

दादा, ॲपचं राहू दे, आधी वायरचं बोलूया. नाटकं, भजनं, कीर्तनं मिळून वीसेक वर्षं साउंड करतोय.

ब्ल्यूटूथ स्पीकर ध्यानाला अजिबात नको. बोट लावल्यापासून आवाज यायला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. त्याहून वाईट म्हणजे बरेच स्पीकर थोडा वेळ शांत राहिले की आपोआप बंद होतात, आणि बॅटरी उतरली की बोलतात. शवासन चालू असताना माझ्या स्पीकरनं बाईच्या आवाजात बॅटरी संपत आल्याचं मोठ्यानं जाहीर केलं होतं. सगळे दचकून उठले. वायर लावा. फोनला जॅक नसेल तर अडॅप्टर घ्या. चार्जर लावून वाजवू नका, पुष्कळदा स्पीकरमध्ये घूं असा आवाज शिरतो. रात्री पूर्ण चार्ज करा, नाहीतर पॉवर बँक लावा. एअरप्लेन मोड विसरू नका.

ॲपमध्ये बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी थोडा साठवायची जागा) दिसला तर तो मोठा ठेवा. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या सॅम्पल रेटला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे साधारण ५ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१. तबला वाजवायचा असता तर २१ खटकले असते. लांब सुरांना काही फरक पडत नाही, पण लहान बफरवर जुना फोन कडकड करतो, ती कडकड सगळ्यांना ऐकू येते.

आता मतभेद. हे सगळं थेट वाजवायचंच कशाला? त्याच ॲपवर घरी चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, फाइल लावा आणि स्वतःही निवांत बसा. बिघडायची भीती नाही. रिव्हर्ब फुगणार नाही आणि रडणाऱ्या बाईही तुम्हाला दिसतील.

मंद्रषड्ज (फोंडा)

वायरचं सगळं मान्य. फाइलचं नाही.

आमच्या अग्रशाळेवर मंगळुरी कौलं आहेत. जूनमध्ये वर्ग चालू असताना पाऊस कोसळला की छपराखाली बोललेलंही ऐकू येत नाही. गेल्या पावसाळ्यात एकदा पावसाची सर आली तशी मी सूर हळूहळू काढून घेतला. पाच-सात मिनिटं नुसता पाऊस. मग तो ओसरला, वळचणीचं पाणी ठिबकायला लागलं, तेव्हा त्याच्या खालून खर्जाचा सा इतका बारीक आणला की तो कधी सुरू झाला ते मलाही नेमकं सांगता येणार नाही. फाइल पावसावर आवाज चढवत बसली असती. सातच्या सुमारास पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो, तेव्हाही मी थांबतो. त्याच्याशी झगडायचं नाही, तो जाऊ द्यायचा, मग पुन्हा यायचं. थेट वाजवण्यात मला तरी एवढंच हवं आहे.

जवारी (डिचोली)

मी गाणं शिकवतो, त्यामुळे माझा आक्षेप कानाचा आहे.

तुम्ही खाली तानपुऱ्याचं ॲप लावता आणि वर गॅरेजबँडचा भूप, बरोबर? मग तुमचा गांधार तानपुऱ्याशी भांडतो. तंबोरा नीट जुळला की षड्जाच्या तारेतून गांधार आपोआप बोलतो, आपण त्याला स्वयंभू गांधार म्हणतो. तो षड्जाचा पाचवा उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा. कीबोर्डचा गांधार त्याच्यापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग, तेव्हा आकडा किरकोळ वाटेल. पण काळी एकच्या पट्टीत हिशोब करून बघा. सा १३८.६ हर्ट्झ, त्याचा पाचवा उपस्वर ६९३. कीबोर्डचा गांधार १७४.६, त्याचा चौथा उपस्वर ६९८ च्या पुढे. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला पाच-साडेपाच हेलकावे. चाळीस माणसांच्या गर्दीत ते कळणार नाहीत. डोळे मिटून, श्वास मोजत बसलेल्या माणसाला कळतात. काय खटकतंय ते त्याला सांगता येत नाही, पण कपाळावर आठी येते. मी ती पाहिली आहे.

कोणतंही ॲप घेण्याआधी एकच विचारा, यात स्वरस्थानं हलवता येतात का? येत नसतील तर गांधार आणि धैवत सोडून द्या. सा, रे, प एवढ्यावर वर्ग सहज निघतो.

खरं तर माझं म्हणणं याहून सरळ आहे. तंबोरा आणा.

हरमलची (हरमल)

मंद्रषड्जदादा, तुमच्या वर्गातल्या त्या मुलाकडे आयपॅड आहे का? माझ्याकडे नाही. या धाग्यात आयपॅड जणू घरोघरी असतो असं धरून सगळे बोलताहेत, ते मला पटत नाही.

मी हंगामात समुद्राजवळ वर्ग घेते आणि पावसाळ्यात गावातल्या बायकांचा घेते. चार वर्षांपूर्वीचा साधा अँड्रॉइड फोन, त्यावर कोआला सॅम्पलर. ते आयफोनवरही मिळतं. फोनच्या माइकनं आवाज घ्यायचा, तो एका चौकोनात बसतो, चौकोन दाबला की वाजतो. माझ्या चौकोनांत विकतचा एकही आवाज नाही. आईच्या देवघरातली घंटा आहे, शंखाचा लांब सूर आहे, माडाच्या झावळ्यांची सळसळ आहे. शेजारच्या काकांचं घुमट आहे, मातीच्या भांड्यावर बकरीचं कातडं चढवलेलं वाद्य. एकच थाप, तिचा वेग निम्मा केला की ती जमिनीखालून आल्यासारखी वाटते. २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य ठरवलं, पण आमच्या बायकांना त्या थापेत चवथीची आरती ऐकू येते. पहिल्यांदा वाजवली तेव्हा दोघी-तिघींच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते कुठल्या तयार आवाजानं आलं नसतं.

अँड्रॉइडवर आवाज उशिरा येतो, ही तक्रार पूर्वी फार खरी होती. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून आतली व्यवस्था सुधारली, तरी प्रत्येक फोन वेगळा वागतो. पण चार सेकंदांत फुलणाऱ्या सुराला पन्नास मिलिसेकंदांचा उशीर कोणाला कळणार? घंटा वाजवताना कळतो, तेवढी बोटाला सवय लागते.

आणि डोळे मिटून वाजवण्याचं मला मुळीच मान्य नाही. मी डोळे उघडेच ठेवते, समोरच्यांकडे. तुमच्याच गोष्टीत त्या बाई रडत होत्या, तिथे डोळे उघडे हवे होते की नको?

मंद्रषड्ज (फोंडा)

ताई, शब्द चुकला माझा. मिटलेले डोळे नकोत, स्क्रीनकडे न बघता वाजवता आलं पाहिजे. कसोटी तीच, पण तुम्ही म्हणता तशीच मांडायला हवी होती. आयपॅडबद्दलही तुमचं बरोबर आहे. त्या मुलाकडे साधा अँड्रॉइडच आहे, मी विचारलंसुद्धा नव्हतं.

जवारीकाका, काल रात्री तंबोरा ॲप आणि गांधार एकत्र लावून ऐकलं. हेलकावे आहेत. चार वर्षं ऐकतोय आणि मला वाटायचं रिव्हर्बच तसा हलतो. ऑडिओकिट सिंथ वन मोफत आहे, त्यात स्वरस्थानं बदलता येतात, आजपासून ते बघतोय. पण खऱ्या तंबोऱ्याचं अवघड आहे हो. जुलैत आमच्या हॉलमध्ये भिंतींना पाणी सुटतं. घरचा तंबोरा एकदा नेला होता, अर्ध्या तासात तारा उतरल्या.

जवारी (डिचोली)

उतरतात. मग पुन्हा जुळवायचा. वर्गाच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांसमोर तंबोरा जुळवून बघा. खुंटी पिळली जाते, मणी सरकतो, तारेखालचा जवारीचा दोरा इकडून तिकडे होतो, आणि वाकडा सूर सरळ होताना माणसं ऐकत असतात. तो सरळ झाला की खोलीतले खांदे खाली येतात. जे ॲप उघडताक्षणी जुळलेलंच असतं, त्यात ही पाच मिनिटं कुठून आणणार?

सिंथ वनचं करा जरूर. पण आधी महिनाभर नुसता सा लावून बसा.

नुसतं मौन (म्हापसा)

सगळ्यांचं मन लावून वाचलं. माझा विरोध ॲपला नाही, सुरालाच आहे.

मी विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं केली आहेत. तिथे संगीत नाही, मंत्रही नाही, साधना फक्त श्वासावर आणि अंगावरच्या संवेदनांवर. पहिले तीन दिवस जीव नकोसा होतो. मग लक्षात येतं की आपण आजवर कसल्या ना कसल्या आवाजाला धरूनच बसत होतो. वर्गात सूर दिला की माणूस सुरावर बसतो, श्वासावर नाही. माझ्या ओळखीचे दोघे आता घरी फोनवर काहीतरी लावल्याशिवाय डोळेच मिटू शकत नाहीत. हे ध्यान शिकवणं झालं की एक नवी सवय लावणं?

वायरवाल्यांना एक सांगतो. घरी केलेली फाइल ठीक, पण यूट्यूबवरचा ट्रॅक लावून फी घेणारे वर्ग मी पाहिले आहेत. यूट्यूबच्या अटी वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरापुरत्या आहेत, आणि मध्येच जाहिरात लागते ती वेगळीच.

मागच्या रांगेतली (कुडचडे)

मी वाजवत नाही, फक्त बसते. वय ६३. या धाग्यात बसणाऱ्यांपैकी फारसं कोणी बोललेलं दिसत नाही म्हणून लिहिते.

मौनदादा, तुमचं म्हणणं खरं असेल. पण आमचे हे गेल्यापासून माझ्या घरात मौनच आहे. वर्गात पहिल्या दिवशी सगळे गप्प झाले आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. खालून एक सूर चालू होता, त्याला धरून बसले. आज दोन वर्षांनी शेवटची दहा मिनिटं सूर नसला तरी चालतो, नसला तर बरंच वाटतं. पण पहिल्या दिवशी तो नसता तर दुसऱ्या दिवशी मी आलेच नसते.

वाजवणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते. एक, सूर थांबवताना तोडू नका. पंखा बंद केल्यावर पाती कशी सावकाश थांबतात, तसा थांबू दे. दुसरी, पावसाळ्यात सकाळी हॉल अंधारा असतो आणि फोनचा उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडतो. डोळे किलकिले झाले की आधी तोच दिसतो. त्याचं काहीतरी करा.

वायरवाला (मडगाव)

काकी, उजेडाचं आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. ब्राइटनेस अगदी खाली, डार्क थीम, आणि फोन मांडीवर न ठेवता पाटाखाली आडोशाला. स्क्रीनकडे बघायचंच नसेल तर तेवढा उजेड पुरतो.

फाइलबद्दल मी माझं मत बदललेलं नाही. नवख्यानं पहिले सहा महिने फाइलच लावावी, नाहीतर त्याचा सराव माणसांच्या डोक्यावर होतो.

मंद्रषड्ज (फोंडा)

वायरवालेदादा, त्या मुलाला मी शनिवारी बोलावलंय. फोन त्याचा, वायर माझी, कोआलावर एकच चौकोन, जवारीकाकांच्या घरी रेकॉर्ड केलेल्या षड्जाचा. काका, परवानगी द्याल ना? पहिली पंधरा मिनिटं तो धरेल, पुढची पंधरा मी, आणि शेवटची दहा कोणीच नाही.

जवारी (डिचोली)

गुरुवारी संध्याकाळी पाचनंतर घेऊन या त्याला. पाऊस असेल तर तासभर आधी निरोप द्या, तंबोरा जुळवून ठेवतो.

नुसतं मौन (म्हापसा)

दहाची पंधरा करा, मग मीही येऊन बसेन.